पूर्वेकडची भिंत

जळगाव
९ मार्च १९७०

चि. कुमुद हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सरकारी बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे काढायला तुला स्वतःचं टेबल मिळालं, हे आईनं शेजारी धनकुंवरकाकूंना दोनदा जाऊन सांगितलं.

इकडची बातमी म्हणजे सावद्याच्या केळी संघातली माझी नोकरी पक्की झाली. मे अखेर हजर व्हायचं. आई आणि तुझी सुनंदावहिनी बरोबर येतील. हे घर विकल्याशिवाय तिथे डोक्यावर छप्पर घेता येणार नाही, म्हणून लोटन दलालाच्या कानावर घातलं. हा सोनगीरकडचा. इथे येऊन त्याला दहा वर्षं झाली, पण बोली अजून तीच, अहिराणी. मला 'नाना' म्हणतो, आईला 'माय'.

गिऱ्हाइकं येतात, घर बघून खूश होतात, आणि निघायच्या वेळेला हा उठतो. म्हणतो, "मी खरं बोलणारा माणूस शे. घर दाखाडं तशी खोड बी दाखाडसू." मग पुढच्या खोलीतल्या पूर्वेकडच्या भिंतीवर काठी आपटतो. भद् असा आवाज येतो. "ऐका. भित पोकळ शे. वरतून पोट बी येल शे. मिस्तरीनी सोतानं घर मातीमा बांधेल शे."

आबांसारख्या मिस्तरीबद्दल असं. त्यांच्याच घरात, आईच्या समोर, तिनं गिऱ्हाइकांसाठी केलेल्या चहाचा कप हातात धरून. मी म्हटलं, लोटनभाऊ, जरा बेतानं. तर म्हणाला, "नाना, मरेल माणूसवर मना काय राग? पन पोरंबाळं दबाईसन मरतीन तं पाप कोनले?"

गिऱ्हाइकं परत येत नाहीत. भाव निम्म्यावर आला आहे. तू वारस आहेस, तुझी सही लागेल. या दिवसांत एकदा येऊन जा.

तुझा,
लीलाधर


धुळे
१३ मार्च १९७०

ती. भाऊस सा. न. वि. वि.

पत्र पोचले. पुढील गोष्टी कळव.

काठी भिंतीवर नेमकी कुठे आपटतो? जमिनीपासून किती उंचीवर, आणि दारापासून किती हात? दर वेळी तीच जागा असते की निरनिराळी? दुसऱ्या भिंतींवर आपटतो का? ते बोलताना गिऱ्हाइकांशिवाय आणखी कोण हजर असते?

भिंत फुगून पोट आले आहे असे तो म्हणतो ते तुला डोळ्यांनी दिसते का? दिसत नसेल तर दिसत नाही असे लिही. त्याचे म्हणणे सांगू नकोस, ते मला कळले.

सही कुठेही करू नकोस.

तुझी,
कुमुद


जळगाव
१९ मार्च १९७०

चि. कुमुदला आशीर्वाद.

तू ओव्हरसियरसारखे प्रश्न विचारतेस आणि मी शाळेतल्या पोरासारखी उत्तरं देतो. असो. एकच जागा. दारापासून सहा हात, माझ्या खांद्याच्या उंचीला. बाकीच्या भिंतींना हात लावत नाही. हल्ली भाव आणखी पाडायला म्हणतो, ही भिंत तर शेजाऱ्यांचीच, या घराची नाही. पोट मला दिसलं नाही, पण त्यानं सांगितल्यावर दिसल्यासारखं वाटतं, हेही खरं लिहितो.

हजर कोण असतं म्हणून विचारतेस? सगळी गल्ली. दार उघडंच असतं ना! काल सुगंधाबाई आली. तिचं घर आबांनीच बांधलं, तुला आठवत असेल. आईला म्हणाली, "वहिनी, राग मानू नका. पण आमच्या घरात तर मिस्तरींनी माती नाही ना घातली? रात्री झोप लागत नाही हो." आईनं तिला चहा दिला, आणि ती गेल्यावर आबांची जुनी थापी पेटीतून काढून पुसत बसली.

आता एक गिऱ्हाईक उभं राहिलं आहे. कौतिक म्हणून शेतकरी आहे, पारोळ्याकडचा. पडक्या भावानं घ्यायला तयार आहे. लोटन म्हणतो, उपकार म्हणून घेतोय, पुन्हा असा माणूस मिळणार नाही. कौतिक स्वतः फारसा बोलत नाही. लोटनकडे बघतो आणि मान हलवतो. जेवायलाही लोटनच्याच घरी थांबला होता.

मला घाई आहे, कुमुद. आईचा जीव इथे राहून रोज तुटतोय.

तुझा,
लीलाधर


धुळे
२ एप्रिल १९७०

ती. भाऊस सा. न. वि. वि.

गुरुवारी तू सावद्याला गेला होतास तेव्हा मी जळगावला येऊन गेले. आईने तुला सांगितले नसेल, मीच सांगू नकोस म्हटले होते.

भिंतीला वरपासून खालपर्यंत तीन ठिकाणी ओळंबा लावला. भिंत सरळ आहे. दोन ठिकाणी गिलावा काढून पाहिला. दीड विटेची, चुन्यातली आहे. हिच्यावर आणखी एक माडी सहज उभी राहील. आबांनी तेवढ्यासाठीच ती तशी बांधली होती, पुढे तुझ्या लग्नानंतर माडी चढवायची म्हणून.

काठी आपटतो तिथे पलीकडच्या बाजूला धनकुंवरकाकूंचे फडताळ आहे. त्यात लोणच्याच्या बरण्या असतात. त्यांच्या सासूने मागितले म्हणून आबांनी भिंत बांधतानाच तेवढी जागा सोडली, वर दगडी पट्टी टाकली. आवाज तिथे पोकळ येणारच. तो दलाल आहे, त्याने दोन्ही घरे आतून पाहिली आहेत. त्याला हे माहीत आहे.

काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. कौतिक हा लोटनचा मेहुणा. त्याची बहीण लोटनच्या घरात आहे. म्हणजे घर लोटनच घेतो आहे.

हे सगळे मी गल्लीत उभी राहून सांगू शकते. तो म्हणेल, मिस्तरीची पोरगी बापाची बाजू घेते. लोक दोन दिवस आपले ऐकतील आणि दोन दिवस त्याचे. म्हणून मी भांडणार नाही.

घर कौतिकला विकू या. माझी एकच अट आहे. भिंतीबद्दल तो जे जे बोलतो ते सगळे खरेदीखतात त्याच्या शब्दांत लिहिले गेले पाहिजे. एक शब्दही कमी नको.

त्याआधी काकूंच्या नावाने एक बक्षीसपत्र होईल. भिंत आपली आणि त्यांची सामाईक आहे. त्यातला आपला अर्धा भाग आपण त्यांना देत आहोत. आज टेकलेल्या तुळया टेकू द्यायच्या, नवीन काही त्यांच्या आणि माझ्या संमतीशिवाय नाही, असे त्यात आहे. तू आणि आई सह्या करा. लोटनजवळ याची वाच्यता नको.

कारण नंतर विचार.

तुझी,
कुमुद


जळगाव
११ मे १९७०

चि. कुमुद,

दोन्ही कागद नोंदले गेले. तू नोंदणी कचेरीत सही केलीस आणि तीनच्या एस.टी.नं निघून गेलीस. आईला वाटलं होतं, राहशील.

तुझी अट मी लोटनला सांगितली तेव्हा तो हसत सुटला. म्हणाला, "ताई शिकेल शे, समजदार शे! लिखा, बठ्ठं लिखा. पुढं कोनी म्हनाले नको का लोटननी भाव पाडा." कारकुनाच्या शेजारी बसून त्यानंच मजकूर सांगितला. पूर्वेकडची भिंत शेजाऱ्यांची, या घराचा तिच्यावर हक्क नाही. ती पोकळ, निकामी, भार सोसणारी नाही. हे सर्व घेणाऱ्यानं पाहून, समजून घेतलं आहे. 'निकामी' शब्द कारकुनानं गाळला होता, लोटननं परत घालायला लावला. कौतिकनं अंगठा दिला.

भिंत सामाईक आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मग 'शेजाऱ्यांची' कशाला लिहायची? त्याला विचारलं तर म्हणाला, "नाना, कागदवर काय बी ऱ्हाऊ द्या. भित काय पळी जाई?"

तुला एक विचारतो. आबांच्या कामाला निकामी म्हणणारं वाक्य सरकारी शिक्क्यानिशी कायमचं झालं. तुझ्या हट्टानं झालं. आई त्या दिवसापासून तुझं नाव काढत नाही. तुला राग येतो तरी का गं कधी? घर निम्म्या भावात गेलं, बापाची अब्रू गेली, आणि तू मजकूर तपासून सही करतेस.

आम्ही परवा सावद्याला निघतो.

लीलाधर


धुळे
१६ मे १९७०

ती. भाऊ,

पत्र मिळाले. राग येतो.

सावद्याचा पत्ता कळव.

कुमुद


सावदा
२३ ऑगस्ट १९७०

चि. कुमुदला अनेक आशीर्वाद.

तीन महिने तुला पत्र लिहिलं नाही, यासाठी तू मला काहीही बोल. आज लिहितोय ते हसत आणि घाबरत.

संघाच्या कामासाठी जळगावला गेलो होतो. पाय आपोआप गल्लीत वळले. आपल्या दारासमोर विटांचा ढीग, वाळू, लोखंडी गर्डर. लोटननं खाली एका डॉक्टरला दवाखाना आणि वर राहायला माडी देण्याचं कबूल करून बयाणासुद्धा घेतला आहे. दिवाळीला ताबा. कौतिकचं नाव नुसतं कागदावर, मालक तोच.

मी पोचलो तेव्हा गवंडी पूर्वेकडच्या भिंतीवर चढलेला होता आणि खाली धनकुंवरकाकू डोक्यावर पदर घेऊन उभ्या. "उतर बेटा," म्हणत होत्या. "ती भिंत माझी आहे. पडशील. पोकळ आहे ना ती?"

लोटन धावत आला. "काकी, काय लाई ठेवं शे? सामाईक भित शे, बठ्ठा गावले माहीत शे."

"गावाला असेल. तुझ्या कागदात काय लिहिलंय? भिंत शेजाऱ्यांची. तूच सांगितलंस, तूच लिहवलंस." त्यांचा महावीर आत गेला आणि बक्षीसपत्र घेऊन आला. लोटननं ते वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हनजे मन्हं घर तीन भितनं?" असं म्हणाला, आणि गवंडी वरच्या वर फिसकन हसला.

"आहेत तेवढ्या तुळया राहू दे," काकू म्हणाल्या. "गर्डर एक नाही. निकामी भिंतीवर कोण गर्डर ठेवतं रे?"

मी तिथून निघालो तो चौकात येईपर्यंत हसत होतो. आता कळलं तू काय केलंस. आईला सांगितलं. ती रात्री जेवताना म्हणाली, कुमुदला शेंगदाण्याची चटणी धाडायला पाहिजे.

एक शंका. तो आतून स्वतःची नवी भिंत उभी करील, मग?

तुझा,
लीलाधर


धुळे
२९ ऑगस्ट १९७०

ती. भाऊस सा. न. वि. वि.

चटणी मिळाली. आईला सांग, तिखट बरोबर आहे.

आतून भिंत उभारायची तर पायापासून उचलावी लागेल. माडीचा भार घेणारी भिंत किती जाडीची असते हे गवंडी त्याला सांगेलच. घराची रुंदी मी मोजलेली आहे. तेवढी जागा आत गेली तर पुढच्या खोलीत एक खाट मावेल, दवाखाना मावणार नाही, आणि जिन्याला जागाच उरत नाही. मी त्याचा नकाशा काढून पाहिला. खांब घेतले तरी तेच होते.

तो कोर्टात जाईल असे तुला वाटत असेल. गेला तर भिंत चांगली आहे आणि आपण स्वतः खोटे बोललो, असे त्याला शपथेवर सांगावे लागेल.

तुझी,
कुमुद


जळगाव
१४ सप्टेंबर १९७०

सौभाग्याकांक्षिणी कुमुदताई यांस लोटन दलालाचा रामराम.

पत्र महावीरशेठच्या दुकानातल्या माणसाकडून लिहवून घेतोय, चूकभूल माफ असावी. ताई, तुम्ही शिकलेल्या, मी अडाणी माणूस. धंद्यात दोन शब्द कमी-जास्त बोलावे लागतात. कापसाचा दलाल बोलतो, बैलाचा बोलतो, तसा मी बोललो. मिस्तरींबद्दल मनात काही नव्हतं. त्यांच्या हातचा चहा मी प्यालोय.

डॉक्टरसाहेब बयाणा दुप्पट मागतात. मेहुण्यानं बैलजोडी विकून पैसा घातलाय, तो दारात बसून राहतो. बायको बोलत नाही. धनकुंवरकाकू म्हणतात, कुमुदनं हो म्हटलं तर माझं हो. ताई, तुमची एक सही. काय म्हणाल ते करतो. भाव कमी वाटला असेल तर वरचा फरक देतो. पाय धरतो.

आपला,
लोटन


धुळे
१८ सप्टेंबर १९७०

श्री. लोटन यांस,

पत्र मिळाले. फरक नको.

तुम्ही काय करावे ते लिहिते. ज्या ज्या गिऱ्हाइकांपुढे तुम्ही भिंतीवर काठी आपटलीत त्यांना त्याच खोलीत बोलवा. गल्लीतल्या लोकांना बोलवा. सुगंधाबाईंना स्वतः जाऊन घेऊन या. माझ्या आईला सावद्याहून आणण्याची सोय तुम्ही करा. मग काठी घेऊन पूर्ण भिंत ठोका, जमिनीपासून तुळईपर्यंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आवाज कुठे पोकळ येतो आणि तिथे पलीकडे काय आहे ते सर्वांना दाखवा. हे तुम्हांला आधीपासून माहीत होते हेही सांगा. जीवराम मिस्तरींनी भिंत कशात बांधली तेही सांगा.

तुमचे म्हणणे पुरे झाले की माझा भाऊ मला कळवील.

कुमुदिनी जीवराम भंगाळे


सावदा
१२ ऑक्टोबर १९७०

चि. कुमुदला अनेक आशीर्वाद.

त्यानं केलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आपट्याची पानं अजून लोकांच्या खिशात होती.

आईला न्यायला तो स्वतः टॅक्सी घेऊन आला. गाडीत पुढे बसला, जळगावपर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन जुनी गिऱ्हाइकं आली होती, बाकीच्यांनी निरोप धाडले. सुगंधाबाई पुढे, भिंतीला नाक लावून.

लोटननं ठोकायला सुरुवात केली. ठण्, ठण्, ठण्. सुगंधाबाई म्हणाली, "जोरात मार की! तेव्हा तर काठी मोडायला निघाला होतास." फडताळाच्या जागी आला आणि थांबला. मारीना. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी खाडकन ठोकलं. तो दचकून मागे सरला. धनकुंवरकाकू पलीकडून बत्त्यानं ठोकत होत्या. "लोटन! इथेच ना रे? बरण्या काढून ठेवल्यात, मार!" सगळी खोली हसली. आईसुद्धा पदराआड हसली. ती हसलेली मी आबा गेल्यावर प्रथम पाहिली.

मग त्यानं सांगितलं. भित चुनामा शे. माले माहीत व्हतं. मिस्तरीनं काम पक्कं शे, मी खोटं बोलनू. शेवटचं हळू बोलला. सुगंधाबाई म्हणाली, ऐकू नाही आलं. पुन्हा बोलला.

कौतिक कोपऱ्यात उभा होता. लोक पांगल्यावर तो माझ्याजवळ आला आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. "नाना, मना बैल गयात," इतकंच.

कुमुद, आता पुरे. आबांचं नाव धुऊन निघालं. जे हवं होतं ते मिळालं. लोटनची मला कीव नाही, पण रडणारा माणूस पाहिला की माझ्या हातून होत नाही. काकूही म्हणतात, मुलीनं सही दिली तर मी देते. मी त्यांना सांगून आलो की तू देशील. त्यानं तुझं सगळं ऐकलं, तर सही द्यायला हवी ना? शब्दाला शब्द.

आईला विचारलं. ती म्हणाली, कुमुदला विचार.

तुझा,
लीलाधर


धुळे
१७ ऑक्टोबर १९७०

ती. भाऊस सा. न. वि. वि.

सविस्तर लिहिलेस, बरे झाले. पत्र मी तीनदा वाचले.

सही देणार नाही.

लोटनला लिहिलेले माझे पत्र त्याच्याजवळ असेल, ते पुन्हा वाचून घे. त्याने काय करावे ते त्यात आहे. ते केल्यावर मी सही देईन असे त्यात कुठेही नाही. त्याने तसे गृहीत धरले, तूही धरलेस. मी शब्द दिलेला नाही, म्हणून मोडलेलाही नाही. तो खरे बोलला हे त्याचे देणे होते. त्याबद्दल त्याला काही द्यायचे नसते.

तू मला कठोर म्हणशील. तू तिथे होतास, आई गिऱ्हाइकांसाठी चहा करत होती आणि तिच्या चहाचा कप हातात धरून तो माणूस आबांनी घर मातीत बांधले असे म्हणत होता. हे तूच मला मार्चमध्ये लिहिलेस. तुझा राग निवला याचा मला आनंद आहे. माझा निवलेला नाही. निवेल असे वाटत नाही आणि तशी इच्छाही नाही.

कौतिकच्या बैलांचे मला वाईट वाटते. त्याने अंगठा देण्याआधी मी ते खरेदीखत त्याला मोठ्याने वाचून दाखवले होते, कचेरीच्या ओट्यावर, तू पान खायला गेला होतास तेव्हा. तो लोटनकडे बघत राहिला. त्याचे बैल त्याच्या मेहुण्याने खाल्ले आहेत, मी नाही. तरी त्याच्यासाठी एक करता येईल.

डॉक्टर आता घर घेत नाहीत. दुसरे कोणी घेणार नाही, कारण माडी चढत नाही हे गल्लीत सर्वांना कळले आहे. लोटनला बयाणा परत करायचा आहे, म्हणून तो घर विकायला काढील. काढले की तू सरळ कौतिककडे जा. घर माझ्या नावाने घ्यायचे. कौतिकने आपल्याला दिली तीच किंमत द्यायची. ती लोटननेच ठरवलेली आहे, त्यामुळे त्याला तक्रार असू नये. सरकारी नोकरांना घरासाठी कर्ज मिळते, माझा अर्ज पुढे गेलेला आहे. पैसे कौतिकच्या हातात द्यायचे, बैल घेण्यापुरते आधी. लोटन मध्ये नको, कागद होताना तो खोलीतही नको.

काकूंना माझा नमस्कार सांग. माझ्या नावाने घर झाले की भिंतीवरच्या संमतीची अडचण उरणार नाही.

माडीचा नकाशा मी काढून ठेवला आहे. जिना उत्तरेला घेतला आहे, पायऱ्या कमी उंचीच्या, आईला चढता येतील अशा. पुढच्या वर्षी माझी बदली जळगावला मागणार आहे. आईला सावद्याला करमते का ते विचार. माझे नाव न घेता विचार.

तुझी,
कुमुद